जिथे आहे, जसे आहे

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी फोन वाजला. आमच्या स्टोअरमधला जुना सहकारी होता. आवाज अगदी खालच्या पट्टीत.

"साहब, आपका फ्लेम फोटोमीटर आज निकल गया."

"कितने बजे?" मी विचारलं.

"बारा के आसपास. चार आदमी लगे."

"साथ में कौन था?"

"एएएस भी साथ में गया, साहब. दोनों एक ही टेम्पो में."

फोन ठेवून वळलो तर ही दारात उभी. हातातलं लाटणं हातातच. "अहो, कोण गेलं? आणि दोघं एकदम कसे?"

"माणसं नाहीत गं. यंत्रं गेली, ऑफिसातली. कबाड्याच्या टेम्पोतून."

"मग तोंड कशाला पाडलंत एवढं? मला वाटलं, आता अंघोळ करावी लागते की काय!"

अंघोळीची गरज नव्हती, हे खरंच. पण त्या दिवशी दुपारची झोप काही लागली नाही.

आमचे वडील १९५६ साली नागपूरहून भोपाळला आले. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली. राज्यांचीच ती अदलाबदल. त्या अदलाबदलीत फाइलींच्या गठ्ठ्यांबरोबर जे कारकून इकडे आले, त्यांतले वडील एक. ते म्हणायचे, "फाइलींत आणि माझ्यात फरक एवढाच, की मला टी.ए. मिळाला." माझा जन्म इथलाच. घरात मराठी आणि गल्लीत 'को खां' म्हणत वाढलो, आणि पुढे इथल्याच एका सरकारी प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं माती तपासली. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे.

फ्लेम फोटोमीटर म्हणजे काय, हे सांगायला मला कधीच फळा लागला नाही. वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळीजर्द होते ना? तो पिवळा रंग वरणातल्या मिठाचा, म्हणजे सोडियमचा. पोटॅशियम असेल तर ज्योतीला फिकट जांभळी झाक येते. मातीचा अर्क ज्योतीत फवारायचा आणि रंग किती गडद उठला ते मोजायचं, की त्या मातीत पोटॅशियम किती ते कळतं. बस, एवढंच. स्वयंपाकघरातला अपघात शिस्तीत घडवून आणणारं यंत्र, असं मी नव्या पोरांना सांगत असे.

आमचं यंत्र १९८७ साली आलं. त्या वेळी त्याची किंमत माझ्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होती आणि आब त्याहून जास्त. शेजारी कॉम्प्रेसर, मागे घरात असतो तसाच लाल सिलिंडर, पुढे एक बारीक नळी. नळीचं टोक बीकरमध्ये बुडवलं की ती अर्क ओढून घ्यायची, ज्योतीला किंचित उचकी लागायची आणि काचेमागचा काटा हलायचा. अकराच्या सुमाराला सगळ्या खोल्यांचे पंखे सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि काटा उगाचच चार घरं खाली उतरायचा. तेव्हा डबीच्या डाव्या अंगाला, वरून दोन बोटं सोडून, एक टिचकी मारायची. काटा जागेवर. उजव्या अंगाला मारली तर दिवसभर रुसायचा. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. मला माझ्या आधीच्या माणसाने सांगितलं नव्हतं, आणि मी माझ्या नंतरच्याला सांगितलं तेव्हा तो मोबाइल बघत होता.

एकदा दोन दिवस प्रत्येक नमुन्यात सोडियम भरमसाट यायला लागलं. माळव्याची काळी माती, गावं वेगवेगळी, आणि सगळीकडे एकसारखं मीठ! डिस्टिल्ड वॉटर बदललं, प्रमाण द्रावणं नव्याने केली, ॲटमायझर खोलून धुतला. शेवटी चोर सापडला तो चहात. आमच्या एका जुन्या भोपाळी सहकाऱ्याला मीठ घातलेला सुलेमानी चहा लागायचा. तो टेबलावर सांडला होता, फडक्याने पुसला होता आणि त्याच फडक्याने बीकरही पुसले जात होते. दहा लाखांत पाच-दहा भाग ओळखणाऱ्या यंत्रापुढे अख्खा चहा म्हणजे काय! तेव्हापासून त्या खोलीत चहाला बंदी आली. सहकाऱ्याने यंत्राशी बोलणं सोडलं ते निवृत्त होईपर्यंत.

तर हे यंत्र खोक्यातून बाहेर आलं त्याच दिवशी त्याची नोंद झाली, ती डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ह्याला जडसंग्रह नोंदवही म्हणतात, ते जरा सभ्य वाटतं. आमच्याकडे सरळ डेड. सरकारी यंत्र जन्मतःच मेलेलं असतं. पुढची तीस-पस्तीस वर्षं ते जे काम करतं, ते मरणोत्तर. दर वर्षी प्रत्यक्ष पडताळणीला दोघं जण येतात, यंत्राच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर वाचतात, बरोबरची खूण करतात आणि जातात. यंत्र चालतं का, असं ते विचारत नाहीत. ते आहे का, एवढंच बघतात.

२०१८ साली, माझ्या निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना, ठरलं की आता आयसीपी घ्यायचं. त्यात ज्योतीऐवजी आरगॉनचा प्लाझ्मा असतो, हजारो अंश तापलेला, आणि एका दमात वीस-पंचवीस मूलद्रव्यं मोजून होतात. फ्लेम फोटोमीटर आणि त्याच्या शेजारचं ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शन, म्हणजे आमचं एएएस, दोघांचं काम ते एकटं करणार. मग ह्या दोघांचं काय करायचं?

इथे मला सरकारची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम पहिल्यांदा निघाले १९४७ साली. मग १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये ते नव्याने मांडले गेले. २०१७च्या आवृत्तीत १७६ क्रमांकाचा नियम आहे, बाय-बॅकचा. जुनी वस्तू बदलून नवी, चांगली वस्तू घ्यायची ठरली, तर खरेदी करतानाच जुनी देऊन टाकता येते. निविदेत तसं कलम घालायचं, जुनी वस्तू कधी आणि कशी ताब्यात द्यायची तेही लिहायचं. शिवाय द्यायची की नाही, हा हक्क खात्याने स्वतःकडे राखून ठेवायचा. मी तो नियम दोनदा वाचला आणि मनात म्हटलं, अरे, ही तर आमच्या आजीची बोहारीण!

नागपूरच्या वाड्यात आजी ओट्यावर उभी आणि बोहारीण पायरीवर बसलेली. टोपलीत भांडी, बाजूला कपड्यांची चळत. बोहारीण प्रत्येक लुगडं उजेडाकडे धरून बघायची, कुठे विरलंय ते. आजी नेमकी तीच घडी आत करून दाखवायची. "ह्या पातेल्याला आणखी एक धोतर घाला, आजी." "धोतर नाही, हा सदरा घे." "सदऱ्याची कॉलर गेलीय." "कॉलर काय तुला खायचीय?" हे तासभर चालायचं. मग दोघीही आपण फसलो असा चेहरा करून उठायच्या आणि दोघीही आतून खूश असायच्या. कारण बोहारणीला ते कपडे खरंच हवे असायचे आणि आजीला ते पातेलं.

सरकारी बाय-बॅकमध्ये नेमकं हेच नसतं. पुरवठादाराला जुनं यंत्र नको असतं, त्याला नव्याची ऑर्डर हवी असते. कचेरीला पैसे नको असतात. तिला खोलीतली जागा हवी असते आणि रजिस्टरमधल्या नोंदीवर तांबडी रेघ. ऑडिटला रेघेखाली सही हवी असते. यंत्र कोणालाच नको. आणि फाइलीला घासाघीस करता येत नाही. तिला फक्त शेरा मारता येतो.

त्याआधी ते टाकाऊ ठरवावं लागतं. नियमांत तीन विशेषणं आहेत, मराठीत सांगायचं तर जादा, कालबाह्य आणि निरुपयोगी. समितीपुढे माझी जी उलटतपासणी झाली, ती अशी:

"यंत्र चालतं?"

"चालतं."

"मग काढता कशाला?"

"तसं चालत नाही."

"मग बिघडवलं कोणी?"

हा शेवटचा प्रश्न विनोदी नाही. वस्तू निरुपयोगी झाली ती कोणा कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, लबाडीमुळे की खोडीमुळे, हे बघून जबाबदारी ठरवा, असं नियमातच आहे. म्हणून सरकारी कचेरीत वस्तू सहसा 'बिघडत' नाही. ती कालबाह्य होते. काळाला मेमो देता येत नाही. मी म्हटलं, "साहेब, कालबाह्य." पाची जणांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सह्या झाल्या.

तसं यंत्र लवकर काढायची सोयही नव्हती कधी. संशोधन संस्थांना उपकरणं परदेशातून आणताना आयात शुल्कात जी सवलत मिळे, तिच्यात अट असायची, की बसवल्यापासून पाच वर्षं ते विकायचं नाही की कोणाला द्यायचं नाही. ही अट वाचून मला नेहमी हसू यायचं. पाच वर्षांत आम्हाला त्याचं स्टॅबिलायझर मंजूर होत असे.

लिलावाचा मार्गही होता. अंदाजे किंमत दोन लाखांच्या वर असेल तर जाहिरात देऊन निविदा किंवा जाहीर लिलाव. हातोडा पडला की बोलीच्या पाव भाग रक्कम जागेवर भरायची, लिलावाच्या मंडळात वित्त विभागाचा अधिकारी हवाच. हल्ली हे सगळं इंटरनेटवर होतं, एमएसटीसीच्या ई-लिलावात वगैरे. मी जुना हातोड्याचा लिलाव एकदा पाहिला आहे. मागच्या अंगणात टायपरायटर, कूलर, तुटक्या खुर्च्या आणि एक सेंट्रिफ्यूज. सेंट्रिफ्यूजपाशी एक म्हातारा कबाडी थांबला, झाकण उचलून आत हात घातला आणि म्हणाला, "मोटर में तांबा अच्छा है, मियां." छत्तीस वर्षांत त्या यंत्राविषयी इतक्या आपुलकीने कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आमच्या वेळी बाय-बॅकच ठरला. निविदेत दोन रकाने झाले, नव्याची किंमत आणि जुन्या दोघांची वजावट. जो फरक येईल त्यावर कोण सर्वांत स्वस्त ते ठरणार. तीन पाकिटं उघडली. एकाने वजावट चाळीस हजार दिली होती आणि नव्याच्या किमतीत ती सव्याज वसूल केली होती. दुसऱ्याने शून्य लिहिलं होतं, तो निदान प्रामाणिक. तिसऱ्याने लिहिलं होतं: एक रुपया. अंकात आणि अक्षरी. तोच एल-वन ठरला. एएएस आणि फ्लेम फोटोमीटर, दोघांचे मिळून एक रुपया. म्हणजे माझ्या यंत्राच्या वाट्याला आठ आणे. आठ आण्याचं नाणं आता दुकानदारही घेत नाही.

अट होती, नवं यंत्र बसल्यापासून तीस दिवसांत जुनी उचलायची, जिथे आहेत, जशी आहेत. आता एक रुपयाचा माल उचलायला टेम्पो कोण करणार? पुरवठादाराने पहिल्या पत्राला उत्तर दिलं, दुसऱ्याला दिलासा दिला आणि तिसऱ्यापासून गप्प बसला. दरम्यान आयसीपीला जागा हवी म्हणून दोघांना मागच्या व्हरांड्यात नेलं. मी निवृत्त झालो, निरोपाच्या दिवशी त्यांच्या बाजूने गेलो, तर एएएसच्या धुराड्यात साळुंकीने काड्या आणल्या होत्या. दोघं आता आमची नव्हती, कारण रजिस्टरमधून गेली होती. पुरवठादाराचीही नव्हती, कारण त्याने नेली नव्हती. मग कोविड आला. व्हरांडा तसाच, यंत्रं तशीच.

मधे मी एक खटपट करून पाहिली. म्हटलं, एखाद्या कॉलेजला देऊन टाकावीत, पोरांना ज्योत तरी दिसेल. एका कॉलेजातल्या बाईंना मनापासून हवं होतं. पण त्यांच्या कार्यालयाने विचारलं, मूळ बिल कुठाय, मॅन्युअल कुठाय, आणि मुख्य म्हणजे आमच्या डेड स्टॉकला कोणत्या किमतीने लावायचं? आठ आण्याला लावलं तर ऑडिट हसणार, मूळ किमतीला लावलं तर घसारा कोण भरणार. बाई फोनवर म्हणाल्या, "सर, आप घर ले जाइए न." घरी! एक स्क्रूसुद्धा मी घरी नेला नाही. त्या स्क्रूलाही नंबर होता.

श्यामला हिल्सवर मोठ्या तलावाच्या काठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, दोनशे एकरांचं. तिथे देशभरातल्या जमातींची घरं त्या त्या लोकांनी येऊन बांधलेली आहेत. उखळ, जातं, मासे धरायचे पिंजरे, सगळं जपलेलं. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो आणि जात्यापाशी हमखास थांबतो. खुंटा हाताने झिजून गुळगुळीत झालेला असतो. आमच्या यंत्राच्या डाव्या अंगालाही टिचकी मारून मारून रंग उडून पत्रा दिसायला लागला होता. पण त्यासाठी संग्रहालय नाही. सरकारी माणसाच्या बोटाची खूण म्हणजे झीज, तिची नोंद घसाऱ्यात.

असं असूनही वस्तू वेळेवर आणि नीट जावी, ह्या मताचा मी आहे, आणि त्याचं कारण हळवं नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा इरॅडिएटर वर्षानुवर्षं पडून होता. २०१०च्या फेब्रुवारीत तो लिलावात भंगार म्हणून गेला. मायापुरीच्या भंगारबाजारात तो फोडला गेला. आत कोबाल्ट-६० होतं. एक मजूर दगावला, कित्येक जण रुग्णालयात पोचले. त्यांनाही धातू चांगला वाटला असेल. ही बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या गॅस क्रोमॅटोग्राफपाशी गेलो आणि त्याच्या डिटेक्टरवरचं बारीक लेबल पहिल्यांदाच नीट वाचलं. आत निकेल-६३ असतं, म्हणजे तेही किरणोत्सारीच. पुढे तो डिटेक्टर वेगळा काढून, रीतसर कागद करून, पुरवठादाराकडे परत गेला. त्या एका कागदावर मात्र मी कधी विनोद केला नाही.

आणि भोपाळात राहून हे कोणी वेगळं सांगायला नको. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा इथून हलला तो १ जानेवारी २०२५च्या रात्री, बारा कंटेनरांतून, पीथमपूरला. गॅसगळतीनंतर मधे चाळीस वर्षं गेली. तोही जिथे होता, जसा होता, तसाच पडून होता.

बाकी आमच्या शहराला भंगाराची लाज नाही. जुन्या भोपाळात एका मोहल्ल्याचं नावच कबाडखाना आहे. इतवारा, बुधवारा, जुमेराती ही जशी वारांची नावं, तसं हे सरळ धंद्याचं नाव. आमची दोघं बहुधा तिकडेच गेली असतील. पुरवठादाराने शेवटी काय केलं, तर एका कबाड्याला सांगितलं, फुकट ने, पण ने. नियमाने जो सौदा एक रुपयाला झाला होता, तो नियमाबाहेर शून्याला मिटला. कबाड्याला दोघांतलं तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वजनावर मिळालं. ह्या सगळ्या व्यवहारात यंत्र खरोखर हवं असलेला तोच एक.

फोननंतर आठवड्याभराने आमच्या कॉलनीत बर्तनवाली आली. हिने माझी कपाटातली चार ॲप्रन काढली. पांढरी, जाड, ॲसिडची भोकं पडलेली. वर दोन पँटी ठेवल्या. मी पेपर घेऊन बाल्कनीत बसलो आणि ऐकत राहिलो. बर्तनवालीने ॲप्रन उजेडाकडे धरलं. "बीबीजी, इसमें तो छेद ही छेद हैं." ही म्हणाली, "छेद मत देखो, कपड़ा देखो. सरकारी है." पाऊण तास लागला. शेवटी पाच लिटरचा स्टीलचा डबा ठरला. झाकण त्यात धरलं नव्हतं, ते हिने तिसऱ्या पायरीवरून परत बोलावून मिळवलं.

त्यात आता ज्वारीचं पीठ असतं. झाकण घट्ट बसतं.